मेमरी कोणाची काढायची?

एका सर्व्हरमध्ये ६४ जीबी मेमरी आहे आणि त्यावरच्या दहा व्हर्च्युअल मशीनना, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेल्या संगणकांना, प्रत्येकी ८ जीबी देऊ केली आहे, असं समजा. बेरीज होते ८०. तरी बहुतेक वेळा कुणाचं अडत नाही, कारण दहाही जणांना आपला पूर्ण वाटा एकदम लागत नाही.

लागलाच तर? सगळी मशीन सांभाळणारा हायपरव्हायझर मेमरीची काही पेजेस, म्हणजे सहसा ४ केबीचे तुकडे, डिस्कवर हलवू शकतो. पण कुठलं पेज कामाचं आणि कुठलं नुसतं पडून आहे, हे त्याला बाहेरून नीट कळत नाही. ते आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला ठाऊक असतं. मग भलतंच घडतं: हायपरव्हायझरने डिस्कवर टाकलेलं पेज आतल्या सिस्टिमलाही नकोसं वाटतं आणि तीही ते डिस्कवर टाकायला निघते. त्यासाठी ते आधी डिस्कवरून परत आणावं लागतं. दुहेरी हेलपाटा, आणि मशीन रांगायला लागतं.

यावरचा सुंदर तोडगा व्हीएमवेअरच्या कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये एका शोधनिबंधात मांडला. त्याचं नाव बलूनिंग. प्रत्येक मशीनच्या आत एक छोटा ड्रायव्हर बसवलेला असतो. टंचाई आली की हायपरव्हायझर त्याला फुगायला सांगतो. तो साध्या प्रोग्रामसारखी आतल्या सिस्टिमकडे मेमरी मागतो. ती आधी मोकळी पेजेस देते, मग फारशी न लागणारी. मिळालेल्या पेजेसचे क्रमांक ड्रायव्हर हायपरव्हायझरला कळवतो आणि त्यामागची खरी मेमरी गरजू मशीनकडे जाते. निर्णय घेतो तो जाणकारच. ताण ओसरला की फुगा आकसतो.

त्याच निबंधात दुसरी युक्तीही होती: अनेक मशीनमध्ये तंतोतंत सारखी असलेली पेजेस शोधून एकच प्रत ठेवायची आणि कुणी त्यात बदल केला तरच वेगळी प्रत करायची. बचत घसघशीत. पण अशा सामायिक पेजच्या आधारे, प्रोसेसरच्या कॅशच्या वेळा मोजून, शेजारच्या मशीनमधल्या एईएस एन्क्रिप्शनच्या किल्लीचा माग काढता येतो, असं संशोधकांनी दाखवलं. २०१४ मध्ये व्हीएमवेअरने मशीन-मशीनमधली ही वाटणी मुळातच बंद ठेवायचं ठरवलं. ते योग्यच झालं. थोड्या मेमरीसाठी किल्ली पणाला लावणं परवडणारं नाही.

फुग्यालाही मर्यादा आहेत. डेटाबेस मिळेल तेवढी मेमरी स्वतःच्या कॅशसाठी धरून ठेवतो. तिथे आतल्या सिस्टिमकडे सोडण्यासारखं फारसं उरत नाही. अशा मशीनला रिझर्व्हेशन, म्हणजे ठरावीक मेमरीची हमी, लावून ठेवावं. तेवढी मेमरी फुग्याच्या हाती लागत नाही.