हिमप्रदेशातील फिरते घर

कॅनडात पुष्कळ कुटुंबांपाशी फिरते घर असते. मोटारीच्याच सांगाड्यावर बिछाने, शेगडी, शीतकपाट, न्हाणी असा सारा संसार मांडलेला! उन्हाळ्यात सरोवराकाठी हिंडावयाचे आणि ऑक्टोबर लागला की ते अंगणात उभे करावयाचे. ऑन्टारिओतील माझ्या पुतण्याने पहिल्या वर्षी नुसते कुलूप लावून ते उभे केले. एप्रिलमध्ये नळ सोडला, तो पाणी तोटीतून न येता भिंतीतून आले.

याचे कारण शाळेतल्या पुस्तकातच आहे. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. पाणी मात्र सुमारे ९ टक्के फुगते. नळीत कोंडलेल्या पाण्याला फुगावयास जागा मिळाली नाही म्हणजे नळी तडकते, सांधे निखळतात. बर्फ वितळेपर्यंत मात्र त्याचा सुगावा लागत नाही. म्हणून थंडीपूर्वीच टाकी, नळ्या आणि निवलेला बंब पूर्ण रिकामे करावेत. तरीही वळणांत पाणी उरतेच. ते बेताच्या दाबाच्या हवेने फुंकून काढतात. किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी द्रावण पंपाने भरून प्रत्येक तोटीतून गुलाबी धार येईपर्यंत सोडतात. मोरीच्या वाकड्या नळीतही थोडे ओततात. येथे एक चूक जिवावर बेतेल. मोटारीच्या रेडिएटरात सर्रास वापरतात ते एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत ते कदापि घालू नये.

शिशाच्या पट्ट्यांच्या बॅटरीची गोष्ट जरा निराळी. पूर्ण भारलेली बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही. पुरती उतरलेली मात्र उणे १० च्या आसपासच गोठून फुटते. म्हणून ती भारून, तारा सोडवून ठेवावी आणि मधूनमधून पुन्हा भारावी.

उंदरांना तर असे ऊबदार, निर्मनुष्य घर म्हणजे पर्वणीच! आत अन्नाचा कणही ठेवू नये. तळाची भोके लोखंडी तारांच्या काथ्याने बुजवावीत. शीतकपाटाचे दार किंचित उघडे असावे. वर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट आवळू नये; आत घाम धरून बुरशी येते, आपल्याकडे पावसाळ्यात पेटीतल्या कपड्यांना येते तशीच. हवा खेळणारे आच्छादन बरे.

पुतण्याला भिंतीची फळी उचकटून नळ्या बदलाव्या लागल्या. आता तो द्रावण भरतो, आणि वसंतात गुलाबी रंग व चव पुरती जाईतोवर नळ्या धुतल्याशिवाय चहाचे आधण ठेवीत नाही.