काळी, पांढर आणि धातुशोधक यंत्र

धातुशोधक यंत्र विकत घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: हे यंत्र किती खोलवरचे दाखवते? विक्रेताही त्याच प्रश्नाची वाट पाहत असतो, आणि हातभर, पुरुषभर अशा मापांवर सौदा उरकतो. वस्तुतः सोलापूर जिल्ह्यात ज्याला हे यंत्र चालवावयाचे आहे, त्याने खोलीची चौकशी सर्वांत शेवटी करावी आणि प्रथम हे ठरवावे, की आपणांस धातू शोधावयाचा आहे तो कशात: माळावरच्या मुरमात, भीमाकाठच्या भारी काळ्या रानात, उजाड गावठाणाच्या पांढरीत, कालव्याखाली क्षार फुटलेल्या शेतात, की कारखान्यातल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यात. धातू तोच असला तरी त्याच्या भोवतीचा पदार्थ बदलला की यंत्राची कसोटी बदलते, आणि एका जागी अव्वल ठरलेले यंत्र दुसऱ्या जागी निव्वळ कोलाहल माजवते.

यंत्राचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. तारेच्या एका वेटोळ्यातून क्षणोक्षणी दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह सोडला, की त्याच्या भोवती तसेच पालटणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. हे क्षेत्र जमिनीतील धातूस भिडले म्हणजे त्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र परत वर येते, आणि दुसरे वेटोळे ते टिपते. परंतु जाताना आणि येताना अशा दोन्ही वेळा हे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने विरते. लहान वस्तू वेटोळ्यापासून पुरेशी दूर असली, की अंतर दुप्पट होताच तिचा परतीचा संकेत चौसष्टाव्या हिश्शावर येतो. रुपयाएवढे नाणे पुरुषभर खोलीवर दाखवण्याची हमी जो देतो, तो निसर्गनियमाविरुद्ध हमी देतो, हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

भोवतालच्या पदार्थाने घात कसा होतो याचे सर्वांत शोकपूर्ण उदाहरण या यंत्राच्या बाल्यावस्थेतलेच आहे. १८८१ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, ती शरीरात कोठे रुतली आहे हे कळेना, तेव्हा दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच एक उपकरण सिद्ध करून रुग्णाच्या अंगावरून फिरवले. उपकरण निर्दोष होते. परंतु रुग्ण ज्या गादीवर निजला होता तिच्यात पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी शोध उजव्याच बाजूस घेऊ दिला, गोळी मात्र डावीकडे होती. सप्टेंबरात अध्यक्ष निवर्तले. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा लष्करी अभियंता योझेफ कोसात्स्की याने सैनिकाने हाती धरून चालवावयाचे, सुमारे चौदा किलो वजनाचे सुरुंगशोधक यंत्र तयार केले आणि १९४२ साली अल् अलामीनच्या वाळवंटात ते कामी आले. आज बाजारात मिळणारी बहुतेक यंत्रे याच कुळातली होत.

आता सोलापूरच्या मातीकडे वळू, कारण खरी अडचण तेथे आहे. हा सारा मुलूख दख्खनच्या अग्निजन्य कातळावर वसलेला आहे, आणि त्या कातळात लोहाची चुंबकीय खनिजे ठासून भरलेली आहेत. पावसाळा सरल्यावर एखाद्या ओढ्याच्या पात्रात वाळूवर काळ्या रेघा उमटलेल्या दिसतात. त्यांवरून साधा लोहचुंबक फिरवला, की त्याच्या टोकाला काळ्या कणांची दाढी उगवते. हेच कण काळ्या रानाच्या ढेकळाढेकळात आहेत. म्हणजे इथे यंत्राला नाण्याचा संकेत ऐकावयाचा असतो तो अखंड बोलणाऱ्या जमिनीच्या आवाजातून, आणि जमिनीचा आवाज नाण्याच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा असतो. ज्यांची घडण युरोपातल्या सौम्य, लोहविरहित कुरणांसाठी झाली, ती यंत्रे आपल्या शेतात बांधापासून बांधापर्यंत केकाटत राहतात याचे कारण हे आहे.

यावर उपाय म्हणजे जमिनीचा तोल साधणे. जमिनीचे खनिज आणि धातूचा तुकडा यांच्या संकेतांत कालाचा सूक्ष्म भेद असतो. यंत्राला आधी जमिनीचा भेद शिकवावा लागतो आणि तेवढा वजा करावयास सांगावे लागते. जाणता माणूस शेतात उतरला, की प्रथम धातू नसलेली हातभर जागा निवडतो, वेटोळे जमिनीला जवळजवळ टेकवून चार-सहा वेळा वर-खाली करतो, आणि कानातला आवाज खाली नेताना चढतो की उतरतो हे ऐकत खुंटी पिळतो. वर नेले काय नि खाली आणले काय, आवाज ढळेनासा झाला म्हणजे तोल साधला. विहिरीच्या उपशाजवळून पुढच्या पट्टीत गेला की तो हे पुन्हा करतो. स्वस्त यंत्रात हा तोल कारखान्यातच कायमचा ठोकलेला असतो, तो बदलता येत नाही. असे यंत्र सोलापुरात घेऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. इतर गुण कितीही असोत, हा एक अवगुण सर्वांना पुरून उरतो. वेटोळ्याची घडणही पाहावी. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून बसवलेली असली, तर ते जमिनीची अरुंद पट्टीच एका वेळी पाहते आणि खनिजाचा उपद्रव कमी होतो. एकात एक गोल बसवलेले जुने वेटोळे आपल्याकडे लौकर गडबडते.

काळ्या मातीचा आणखी एक धर्म शोधकाने ओळखला पाहिजे. ती उन्हाळ्यात आक्रसून हात-दोन हात खोल भेगाळते, पावसात फुगून मिटते, आणि या नित्याच्या उलथापालथीत वरची वस्तू खाली व खालची वर येत राहते. म्हणून या रानात खोलीवरून वय सांगता येत नाही. औरंगजेबाची मुख्य छावणी १६९५ ते १६९९ या काळात मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीस होती, माचणूरचा किल्ला तिची साक्ष देत उभा आहे, आणि एवढ्या अफाट लष्कराच्या मुक्कामात काय काय सांडले असेल याची कल्पना कोणालाही करता येईल; परंतु त्या काळचे नाणे आणि परवा पडलेला नांगराचा बोल्ट एकाच भेगेत शेजारी शेजारी आढळले, तर त्यात नवल नाही.

पांढरीची गोष्ट निराळी. जुन्या गावठाणाच्या टेकाडात राख, खापरे, भाजलेल्या विटा आणि मुख्यतः लोखंड यांचा खच असतो: बैलांच्या पत्र्या, त्यांचे खिळे, गाडीच्या धावेचे तुकडे, कड्या, कोयंडे. इथे खोल जाणारे मोठे वेटोळे निरुपयोगी ठरते, कारण त्याच्या कक्षेत एकाच वेळी पाच-सात वस्तू येतात आणि लोखंडाचा संकेत चांदीच्या संकेताला झाकून टाकतो. इथे वितीएवढे लहान वेटोळे आणि एका संकेतातून सावरून दुसरा चटकन पकडणारे यंत्र हवे. लोखंड वगळण्याची सोय त्यात असते, पण ती बेताने वापरावी. दख्खनच्या नाण्यांची जातकुळी पाहिली म्हणजे याचे कारण कळते. शिवराईसारखे तांब्याचे जाड नाणे किंवा साडेअकरा ग्रॅमच्या आसपासचा चांदीचा रुपया विजेचा उत्तम वाहक, त्याचा संकेत ठसठशीत आणि कमी वारंवारतेवरही सुरेख उमटणारा. सातवाहनांची शिशाची व पोटीन या मिश्रधातूची नाणी मध्यम वाहक, त्यांचा संकेत गुळमुळीत. आणि अर्ध्या ग्रॅमचाही न भरणारा सोन्याचा फनम तर यंत्राच्या लेखी पत्र्याच्या कपट्याच्या पंक्तीचा. कपटे वगळण्याचा हुकूम दिला की फनमही त्यांच्याबरोबर वगळला गेलाच. त्यासाठी उच्च वारंवारतेचे यंत्र लागते. अलीकडे एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालणारी यंत्रे निघाली आहेत, आणि किंमत परवडत असेल तर काळी व पांढर दोन्ही फिरणाऱ्याला तीच श्रेयस्कर.

स्पंदन पद्धतीची यंत्रे याहून वेगळ्या वंशाची. ती विजेचा जोरदार ठोका देतात, तो क्षणात तोडतात, आणि नंतरच्या निःशब्द मायक्रोसेकंदांत धातूतील विझत जाणारे प्रवाह ऐकतात. जमिनीतील भरड चुंबकीय कण ठोका थांबताच गप्प होतात, म्हणून भारी काळ्या रानात ही यंत्रे अधिक खोल जातात. अतिसूक्ष्म कणांचा अंश मात्र मागे गुणगुणत राहतो, तेव्हा तोल साधण्याची सोय त्यांतही पाहून घ्यावी. त्यांची उणीव अशी, की लोखंड आणि सोने यांतला भेद त्यांना धड सांगता येत नाही. मिळेल ते उकरावे लागते. वस्तीपासून दूरच्या, कचरा नसलेल्या रानात ती वापरावीत, पांढरीत नव्हे.

उजनी धरणाच्या पाण्याने ऊस आला आणि काही शेतांत क्षारही वर आले. ओली क्षारपड जमीन स्वतःच वीज वाहते, त्यामुळे उच्च वारंवारतेचे यंत्र तिथे बिथरते. कमी वारंवारता घ्यावी, शक्य तर वाफसा सरून रान सुकेपर्यंत थांबावे.

सोलापुरात धातुशोधनाचे सर्वांत काटेकोर काम मात्र शेतात चालत नाही. ज्या शहराचे टॉवेल आणि गणवेश दूरवर जातात, तिथे शिवणयंत्राची मोडकी सुई कापडात राहून जाणे हा गंभीर अपराध मानला जातो, आणि परदेशी गिऱ्हाईक सुईशोधक यंत्राची अट घालते. या यंत्रात सरकत्या पट्ट्यावरून माल चुंबकीय क्षेत्रातून जातो, आणि ते फक्त लोहजातीय धातूच ओळखते, जेणेकरून पितळी बटणे वा जस्ताच्या कड्या यांनी व्यर्थ ओरड होऊ नये. सुमारे एक ते सव्वा मिलिमीटर व्यासाची लोखंडी गोळी बसवलेली चाचणीपट्टी डावीकडे, मध्ये, उजवीकडे, आणि प्रत्येक ठिकाणी खाली, मध्यावर, वर, अशा नऊ जागी फिरवून यंत्र तपासतात. क्षेत्र जिथे सर्वांत दुबळे असते, तिथेही गोळी सापडली तरच यंत्र पास. मोडलेल्या सुईचे सर्व तुकडे जुळवून वहीत चिकटवल्याशिवाय त्या कारागिराला नवी सुई मिळत नाही. कामाची एवढी सचोटी पाहिली की मनापासून आदर वाटतो. साखर कारखान्यात मोळीबरोबर आलेला कोयता किंवा बोल्ट गाळपाच्या रुळांत जाऊ नये म्हणून वाटेत बलाढ्य विद्युच्चुंबक टांगतात. आणि पंढरपुरात वारीच्या गर्दीसाठी धातुशोधक दाराची चौकट निवडावयाची तर प्रत्येक वारकऱ्याच्या गळ्यात टाळ आहेत हे धरूनच तिची तीक्ष्णता ठरवावी लागेल, नाहीतर ती दिवसभर वाजतच राहील.

गुप्तधनाच्या लोभाने यंत्र घेणाऱ्यांस दोन गोष्टी बजावून सांगणे आवश्यक आहे. शेकडो फुटांवरचे सोने दाखवणारी म्हणून दांड्या आणि अँटेना लावलेली जी खेळणी विकली जातात, ती शुद्ध फसवणूक होय. याच जातीचे, आत काहीही नसलेले एडीई ६५१ नावाचे उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिक या इंग्रजास २०१३ साली दहा वर्षांची सजा झाली. त्या उपकरणावर विसंबून तपासणीनाक्यांवर उभी राहिलेली माणसे जिवास मुकली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला आणि धनाच्या शोधार्थ केलेली अघोरी कृत्ये गुन्हा ठरली.

दुसरी गोष्ट कायद्याची. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत, मग तो सोलापूरचा भुईकोट का असेना, परवानगीवाचून उत्खनन करता येत नाही. स्वतःच्या शेतातही १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू आहे: दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, तर सापडलेल्या इसमाने त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख कलेक्टरांना लेखी कळवावी व ऐवज सरकारी खजिन्यात जमा करावा, न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कलेक्टर जाहीरनामा काढून हक्कदारांना पाचारण करतात. धन शंभर वर्षांपूर्वीचे व बेवारस ठरले आणि दुसरा करार नसला, तर तीन हिस्से सापडलेल्यास व एक हिस्सा जमीनमालकास मिळतो. सरकारने ते ठेवून घ्यावयाचे ठरवले तर मालाच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देते. प्रामाणिक माणसाचे यात नुकसान नाही.

नाण्याचे मोल धातूत थोडे आणि जागेत फार असते. शेजारच्या तेर गावी, ग्रीक दर्यावर्द्यांच्या वृत्तांतातले तगर ते हेच, रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर पुराणवस्तू जमवून संग्रहालयाची पायाभरणी केली ती यंत्राविना, पावसाने उघड्या पडणाऱ्या वस्तूंवर नजर ठेवून. तेव्हा यंत्र वाजले आणि हाती काही आले, तर ते चिंचेने किंवा राखेने घासू नये. शिशाच्या नाण्यावरचा पांढरा थर खरवडला की त्याखालचा हत्ती किंवा जहाज कायमचे पुसले जाते. कागदात तसेच गुंडाळावे, आणि गट क्रमांक, बांधापासूनचे अंतर, खोली व सोबत खापरे होती की नाही, एवढे त्याच कागदावर लिहून तो कागद नाण्यासोबत कलेक्टर कचेरीत द्यावा.