मार्जारांची गंधखूण : संकेत आणि त्याचे वाचन

एकाच घरात तीन-चार मांजरे नांदू लागली म्हणजे पुष्कळदा असे घडते की, काही काळाने भिंती, पडदे व दारांच्या चौकटी यांवर उग्र वासाचे ओघळ आढळू लागतात; आणि त्याच सुमारास मांजरांमधील झोंबाझोंबीही वाढते. अशा वेळी घरातील माणसे ‘मांजराने घाण केली’ एवढेच म्हणतात. मांजराच्या आवाजासाठी मराठीत म्याव करणे, गुरगुरणे, फिसकारणे असे निरनिराळे शब्द आहेत. परंतु त्याच्या गंधव्यवहाराकडे बोलीचे लक्ष फारसे गेलेले नाही. मूत्रविसर्जन आणि मूत्राने केलेली खूण या दोन भिन्न क्रिया ती एकाच शब्दात गुंडाळते. हा दोष केवळ शब्दांपुरता राहत नाही. निदान चुकते, शिक्षा होते आणि पुष्कळदा मांजर घराबाहेर घालवले जाते.

या दोन क्रियांतील भेद बाह्य लक्षणांवरूनही ओळखता येतो. विसर्जनासाठी मांजर खाली बसते, आडव्या पृष्ठभागावर बरेचसे मूत्र सोडते व बहुधा ते मातीने झाकते. खूण करताना मात्र ते उभे राहते, उभ्या पृष्ठभागाकडे पाठ करते, शेपटी ताठ उभारून तिचे टोक थरथरवते आणि थोडेसेच मूत्र मागे फवारते. ही खूण झाकली जात नाही. कारण ती इतरांना कळावी हाच तिचा हेतू होय. बोके हे अधिक प्रमाणात करतात. तथापि भाट्याही त्याला अपवाद नाहीत. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. मांजर वारंवार बसून कुंथत असेल व मूत्र होत नसेल, तर तो संकेताचा प्रश्न नसून रोगाचा आहे. विशेषतः बोक्याच्या बाबतीत मूत्रमार्ग अडल्यास काही तासांचा विलंबही प्राणावर बेतू शकतो.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९६० साली मानवी भाषेची जी व्यवच्छेदक लक्षणे मांडली, त्यांत ध्वनीची क्षणभंगुरता हे एक होते. उच्चारलेला शब्द तत्काळ विरून जातो. गंधखुणेचे स्वरूप याच्या नेमके उलट आहे. खूण करणारा निघून गेल्यावरही ती उरते. त्या अर्थी तिचे नाते बोलण्यापेक्षा लेखनाशी अधिक जवळचे आहे. १९६३ साली थॉमस सेबिऑक यांनी प्राण्यांच्या संकेतव्यवहाराच्या अभ्यासाला स्वतंत्र नाव दिले. अशा अभ्यासाला हे उत्तम उदाहरण ठरावे. मांजराच्या मूत्रात फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते व त्याच्या विघटनातून तो परिचित उग्र दर्प निर्माण होतो. निर्बीजीकरण न झालेल्या बोक्यांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. दुसरे मांजर ती खूण हुंगते, ओठ किंचित उचलून तोंड उघडे ठेवते आणि टाळूतील जेकबसनच्या इंद्रियाद्वारे तिचे ‘वाचन’ करते.

या खुणेचा अर्थ ‘येथे प्रवेश नाही’ असा सरसकट लावला जातो. तो पुरेसा नाही. कारण ती हुंगून दुसरे मांजर पळ काढीलच असे नाही. जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ पाउल लेहाउझेन यांना असे दिसले होते की, मोकळी फिरणारी मांजरे एकाच वाटेचा वापर निरनिराळ्या वेळी करतात आणि परस्परांची गाठ शक्यतो टाळतात. म्हणजे संघर्ष ओढवून घेण्यापेक्षा तो टाळण्याकडे या व्यवहाराचा कल दिसतो.

बंद घरात नेमकी हीच सोय नाहीशी होते. पाळीव मांजराचा पूर्वज, आफ्रिकी रानमांजर, एकटा शिकार करणारा प्राणी होय. वाटी एक, वाळूची पेटी एक आणि खोलीला दार एक असे असल्यावर टाळाटाळ शक्य राहत नाही. मग धाकदपटशा सुरू होतो. आणि तो नेहमी आवाज करूनच होतो असे नाही. दारात आडवे बसून वाट अडविणे किंवा टक लावून पाहणे हीसुद्धा आक्रमणाचीच रूपे होत. कधी खिडकीबाहेर परका बोका दिसतो व त्याचा राग शेजारच्या सोबत्यावर निघतो. असे झाले म्हणजे खुणा वाढतात.

उपाययोजना या वाचनाशी सुसंगत असली पाहिजे. मारणे अथवा ओरडणे यांमुळे अस्वस्थता वाढते आणि तिच्याबरोबर खुणाही. फिनाईलने पुसणे तर दुहेरी चूक होय: ते मांजरांना विषारी असते, आणि खुणेचा अंश उरलाच तर मांजर ती पुन्हा ताजी करते. विकरयुक्त धुलाईद्रव्य वापरणे इष्ट. निर्बीजीकरण हा सर्वांत परिणामकारक उपाय असला, तरी तो संपूर्ण नव्हे. हार्ट आणि कूपर यांच्या १९८४ मधील पाहणीत, वयात येण्यापूर्वी निर्बीजीकरण झालेल्या बोक्यांपैकी सुमारे १० टक्के व भाट्यांपैकी सुमारे ५ टक्के पुढेही खुणा करीत असल्याचे आढळले. म्हणून परिस्थिती बदलणे आवश्यक ठरते. जितकी मांजरे त्यांहून एक अधिक पेटी ठेवावी, ती रोज साफ करावी व सर्व पेट्या एकाच कोपऱ्यात मांडू नयेत. अन्नपाण्याच्या जागा परस्परांच्या दृष्टीआड असाव्यात, आणि चढून बसण्यास उंच फळ्या असाव्यात. एवढ्याने भागले नाही, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने औषधयोजनाही करता येते.

भांडण विकोपाला गेले असल्यास दोघांना काही दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवावे. एकाच्या गालावरून फिरविलेले फडके दुसऱ्याच्या जागी ठेवावे. मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवू घालावे, आणि त्यानंतरच दृष्टभेट घडवावी. एकत्र नांदणारी मांजरे अंग घासून एक सामाईक गंध निर्माण करतात. या क्रमाने तोच गंध हळूहळू पुन्हा जुळविला जातो. त्याला आठवडे लागू शकतात, आणि काही जोड्या कधीच जुळत नाहीत. मात्र त्यांनाही एकाच घरात स्वतंत्र वाटा करून देता येतात.

सारांश, भिंतीवरील ओघळ हा मांजराने उगविलेला सूड नसून त्या घरातील जागेच्या वाटणीविषयीचे निवेदन होय. ते पुसण्याआधी वाचले जाणे अगत्याचे आहे.