‘आबे’ या फ्रेंच शब्दाविषयी

फ्रेंचमधील ‘आबे’ या शब्दाचे मूळ अरामी ‘अब्बा’, म्हणजे पिता, हे होय. ग्रीक व लॅटिनमार्गे तो फ्रेंचमध्ये रुळला तेव्हा त्याचा अर्थ मठाधिपती एवढाच होता. (मराठी ‘आबा’शी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे, पोर्तुगीजमधून आलेला ‘पाद्री’ मात्र मूळ अर्थाने त्याचा सख्खा भाऊ.)

१५१६ च्या बोलोन्या करारान्वये मठाधिपती नामनिर्देशित करण्याचा अधिकार फ्रान्सच्या राजाकडे गेला. मठात पाऊल न टाकता त्याचे उत्पन्न उपभोगणारे ‘आबे’ त्यामुळे वाढले. आणि त्या उत्पन्नाच्या आशेने केवळ मुंडनविधी उरकून काळा वेश धारण करणारे तरुणही त्याच नावाने मिरवू लागले. अठराव्या शतकातील ‘आबे’ पुष्कळदा पुरोहित नव्हेच! पुढे मात्र हा शब्द संघाबाहेरील कोणत्याही पुरोहिताचे आदरार्थी संबोधन बनला. ‘क्यूरे’ हे त्याहून निराळे. ते धर्मग्रामाच्या प्रमुखाचे पदनाम होय.

गोव्यातील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले संमोहनविद्येचे अभ्यासक आबे फारिया १७८० साली रोममध्ये दीक्षित झालेले पुरोहित होते, मठाधिपती नव्हते. सबब ड्यूमाच्या ‘माँटे क्रिस्टो’तील त्यांच्या नामधारी पात्रासही अनुवादकाने ‘मठाधिपती’ म्हणू नये. ‘आबे’ हेच ठेवावे.