अकोला–खंडवा मार्गावरचं भूशास्त्र

बारावीनंतर पर्यावरणीय भूशास्त्र घेतलं तर शिकायचं काय, असं तुकईथडच्या एखाद्या मुलीनं विचारलं, तर मी तिच्यापुढे जुन्या अकोला–खंडवा मीटरगेजचा नकाशा ठेवीन. तिच्या गावचं स्थानक याच मार्गावरचं.

अकोला सोडून अकोटकडे जाताना गाडी पूर्णा ओलांडायची. हा खारपाणपट्टा. इथं पूर्णेचा गाळ फार खोलवर साचला आहे. त्यातल्या चिकणमातीतून पाण्याचा निचरा होत नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. अकोटच्या पुढे सातपुड्याचा पायथा लागला की विहिरी गोड होतात, कारण तिथं ओढ्यांनी डोंगरावरून आणलेले गोटे आणि वाळू आहे. पाऊस तोच, पण जमिनीचा पोत बदलला की विहिरीचं पाणी बदलतं. मग धूळघाटाचं प्रसिद्ध वळण चढत गाडी सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टमध्ये शिरायची. या काळ्या खडकात पाणी फक्त भेगांत आणि मुरमाच्या थरात साठतं. म्हणून एकाची विहीर भरते आणि बांधापलीकडच्याची कोरडी जाते.

हे समजून घेणं म्हणजेच हा विषय. बहुतेक ठिकाणी त्याची वेगळी पदवी नसते, तो भूशास्त्राच्या पदवीत शिकावा लागतो. आधी खनिजं, खडक, नकाशे. पुढे भूजल, मातीची धूप, खाणी, दरडी. 2014मध्ये माळीण गाव डोंगराखाली गेलं, तेव्हा उतारावरची माती किती पाणी पेलते हा प्रश्न पुस्तकातला उरला नाही. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये भूशास्त्र आहे, जळगावच्या विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञानाची प्रशाला आहे. पण माझ्या मते विद्यार्थ्यानं पहिल्याच वर्षी बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहावा.

जहांगीरच्या काळात, 1615च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञानं सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालीच अडवलं. शंभरावर कुंड्या भुयारानं जोडल्या आणि केवळ उताराच्या जोरावर ते शहरात आणलं. पंप नाही, मोट नाही. त्या पाण्यातला चुना भिंतींवर साचत गेल्यानं भुयार अरुंद होतं आहे. खडक, पाणी आणि माणूस यांचा चारशे वर्षांचा व्यवहार तिथं डोळ्यांनी दिसतो.

त्याच पायथ्याच्या गोट्यावाळूवर आज बुऱ्हाणपूर आणि रावेरची केळी उभी आहे. बोअर खोल जात आहेत. तापीचं पाणी या पट्ट्यात मुरवण्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेसाठी मे 2025मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी करार केला. पाणी कुठं सोडलं तर मुरेल, कुठं चिकणमातीवर थांबून क्षार वर आणेल, हे ठरवायला गावोगावच्या विहिरींची पातळी वर्षानुवर्षं मोजणारी, थर ओळखणारी माणसं हवीत. ती याच गावांतली असली, तर विहिरीवर जाऊन विचारायला त्यांना दुभाषा लागणार नाही.