पैसे द्यायचे तर सरळ द्या की, त्यासाठी ४२ किलोमीटर पळायचं कशाला ?

फेसबुकवर मधूनच एखाद्या मित्राची पोस्ट येते. मी मॅरेथॉन पळतोय, अमुक संस्थेसाठी पळतोय, खाली लिंक दिलीय, जमेल तेवढी मदत करा. आपण लाईक ठोकतो आणि पुढे सरकतो. पण डोक्यात एक किडा वळवळत राहतो. पळणार हा, घाम गाळणार हा, मग पैसे मी का द्यायचे ? आणि याच्या पळण्याने कुठल्या तरी छावणीतल्या निर्वासिताचं पोट कसं भरणार ?

प्रश्न रास्त आहे. आधी पैशाचं गणित बघू.

लंडन मॅरेथॉन १९८१ पासून होते. तिथं पळायला एवढी गर्दी असते की सोडतीत नंबर लागणं म्हणजे म्हाडाचं घर लागण्यासारखं. मग सामाजिक संस्था काय करतात, तर आयोजकांकडून काही जागा आधीच विकत घेऊन ठेवतात. निर्वासितांसाठी काम करणारी रेफ्युजी काऊन्सिलसारखी संस्था त्यातली जागा तुम्हाला देते, पण अट घालते की आमच्यासाठी इतके पैसे गोळा करून द्यायचे. हा आकडा साधारण २ हजार पौंडांच्या घरात असतो, म्हणजे आपले दोन लाखांच्या वर. मग गडी नातेवाईक, ऑफिसातले, शाळेतले जुने मित्र अशा सगळ्यांच्या मागे लागतो. तिथल्या करदात्याने १ पौंड दिला तर सरकार करातले २५ पेन्स संस्थेला वरून देतं.

आपल्याकडे २००४ पासून मुंबई मॅरेथॉन होते, तिथंही चॅरिटी बिब असतातच.

आता दुसरा मुद्दा. लोक पैसे देतात का ? देतात, आणि पळणाऱ्याला त्रास होणार म्हणूनच जास्त देतात. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्दार शाफीर या दोन अभ्यासकांनी २०१३ मध्ये यावर संशोधन छापलं. मदतनिधीसाठी सहल काढायची म्हटलं तर लोक कमी पैसे द्यायला तयार होते, पाच मैल पळायचंय म्हटलं तर जास्त. याला त्यांनी हौतात्म्याचा परिणाम असं नाव दिलं. माणसांच्या हालअपेष्टांसाठी निधी असेल, तर हा परिणाम आणखी ठळक दिसतो.

आपल्याला यात नवल वाटायला नको. गाडीने पंढरपूरला जाऊन आलेल्यापेक्षा चालत जाऊन आलेल्याच्या पाया जास्त लोक पडतात.

पण निर्वासितांसाठी पळण्याची एक वेगळीच तऱ्हा आहे. इथं धावपटू आपल्या शहरात पळून पैसे पाठवत नाहीत, थेट निर्वासितांच्या दारात जाऊन पळतात. तिचं नाव सहारा मॅरेथॉन.

(मोरोक्कोत सुमारे २५० किलोमीटरची मॅरेथॉन दे साब्ल होते, ती ही नव्हे. उलट ज्यांच्यासाठी ही सहारा मॅरेथॉन आहे, ते लोक मोरोक्कोमुळेच घराबाहेर आहेत.)

तर झालं असं की आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला पश्चिम सहारा नावाचा प्रदेश आहे. तिथं स्पेनचं राज्य होतं. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये मोरोक्कोच्या राजाने लाखो नागरिकांचा मोर्चा तिकडे वळवला. आठवडाभरातच स्पेनने माद्रिदमध्ये करार करून हा प्रदेश मोरोक्को आणि मॉरिटानियाच्या हाती सोडला. तिथल्या सहारावी लोकांना कुणी विचारलंच नाही. पोलिसारिओ या त्यांच्या संघटनेने लढा सुरू केला, २७ फेब्रुवारी १९७६ ला आपलं वेगळं प्रजासत्ताक जाहीर केलं, आणि हजारो कुटुंबं जीव मुठीत धरून अल्जेरियातल्या तिंदूफजवळ येऊन पडली.

ती आजही तिथंच आहेत. १९९१ मध्ये युद्धबंदी झाली, सार्वमत घेऊ असं ठरलं, ते अजून झालेलं नाही. २०२० मध्ये युद्धबंदीही मोडली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २०१८ मध्ये या छावण्यांत १ लाख ७३ हजार ६०० लोक असल्याचा अंदाज दिला होता. सगळा दगडधोंड्यांचा माळ, शेतीचं नाव नाही. बहुतेकांचं पोट बाहेरून येणाऱ्या शिध्यावर. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मुसळधार पाऊस झाला आणि मातीच्या विटांची हजारो घरं विरघळून गेली.

पन्नास वर्षं जुनी बातमी ही बातमी राहत नाही. कॅमेरे दुसरीकडे जातात, मागोमाग मदतही आटते. या अडचणीवर उपाय म्हणून २००१ पासून दर फेब्रुवारीत इथं मॅरेथॉन सुरू झाली. प्रवेश शुल्क आणि देणग्यांतून छावणीतली छोटी कामं होतात. खरं बोलायचं तर पावणेदोन लाख माणसांपुढे ही रक्कम किरकोळ आहे. त्या पैशाने वर्षभराचा शिधा येत नाही. पण स्पेन, इटलीहून आलेला धावपटू परत जातो तेव्हा त्याच्या गावात सहारावींविषयी बोलणारा एक माणूस वाढतो, आणि आमच्या मते आयोजकांची खरी कमाई तीच आहे.

भारताचाही यात एक धागा आहे. आपण १९८५ मध्ये सहारावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती आणि २००० मध्ये ती काढून घेतली.

आता मार्ग बघा. छावण्यांना लोकांनी आपल्या मागे राहिलेल्या गावांची नावं दिलीत. शर्यत लायूनमधून निघते, औसर्दवरून जाते आणि स्मारामध्ये संपते, ४२ किलोमीटर. खरं लायून ते खरं स्मारा हे अंतर रस्त्याने दोनशे किलोमीटरहून जास्त आहे. ती दोन्ही शहरं मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. छावण्या आणि त्या शहरांच्या मध्ये मोरोक्कोने बांधलेली सुमारे २,७०० किलोमीटर लांबीची वाळू-दगडाची भिंत आहे, आणि भिंतीच्या कडेने सुरुंग पेरलेत.

सालाह अमेदान हा सहारावी धावपटू खऱ्या लायूनमधला. तो मोरोक्कोकडून फ्रान्समध्ये शर्यत पळत असताना त्याने शेवटच्या टप्प्यात सहारावी झेंडा बाहेर काढून फडकवला. त्यानंतर त्याला घरी परतता आलं नाही, फ्रान्समध्येच आसरा घ्यावा लागला. पुढे त्याच्यावर माहितीपट निघाला.

शर्यतीला जायचंच असेल तर अल्जेरियाचा व्हिसा काढायचा, अल्जियर्सहून तिंदूफचं विमान धरायचं. २०११ मध्ये छावणीतून तीन परदेशी मदत कार्यकर्त्यांचं अपहरण झालं होतं, ते पुढच्या वर्षी सुटले, त्यामुळे बंदोबस्तात फिरावं लागतं. हॉटेल नाही. राहायचं एखाद्या सहारावी कुटुंबाकडेच, जमिनीवर सतरंजी टाकून. पाहुण्याला चहाचे तीन पेले मिळतात, एकामागून एक, आणि तिसरा संपेपर्यंत उठायचं नसतं.