‘खंज’ शब्दाचा अर्थ व छंदःशास्त्रांतील त्याचा उपयोग

जुन्या पोथींतील एखाद्या पद्याचा उत्तरार्ध तोकडा दिसला कीं ‘वृत्त लंगडतें’ असें म्हणून तेथें पदरचीं अक्षरें भरण्याचा मोह होतो. या मोहास आवर घालण्यास लंगडेपणाचा वाचक ‘खंज’ हा शब्दच उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

धातुपाठांत ‘खजि’ धातूचा अर्थ गतिवैकल्य असा दिला आहे. म्हणजे गति आहे, पण ती विकल आहे. अमरकोशांत ‘खोड’ व ‘खंज’ हे पर्याय एकत्र असून ‘पंगु’ हा ‘श्रोण’ शब्दाबरोबर निराळा येतो. सुश्रुताच्या निदानस्थानांत हा भेद स्पष्ट होतो. कटिगत वायूनें एका मांडीची कंडरा आखडली तर मनुष्य खंज होतो. दोन्ही मांड्या निकामी झाल्या तर पंगु. मराठींतील लंगडा व पांगळा यांत हाच भेद टिकून आहे.

छंदःशास्त्रांत तर ‘खंजा’ नांवाचें वृत्तच आहे. केदारभट्टाच्या वृत्तरत्नाकराप्रमाणें ‘शिखा’ वृत्ताच्या पूर्वार्धांत २८ लघु व १ गुरु आणि उत्तरार्धांत ३० लघु व १ गुरु असतात. हीं अर्धें उलटविलीं कीं खंजा होते. ३२ मात्रांमागून ३० मात्रा येतात. ग्रीक कवि हिप्पोनाक्स यानेंही ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत चरणाचा शेवट मुद्दाम अडखळता ठेविला, व त्या वृत्तास लंगडें हेंच नांव मिळालें. अर्थात् येथें लंगडणें हा दोष नसून लक्षण आहे.

या विवेचनाचें महत्त्व वाशीमच्या वाङ्मयाविषयीं विशेष आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. येथें १९३९ सालीं सांपडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटांत वंशावळ संस्कृतांत व दानाचा मजकूर प्राकृतांत आहे. त्या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन याचें ‘हरिविजय’ हें प्राकृत काव्य आज समग्र उपलब्ध नाहीं. अलंकारग्रंथांतील अवतरणांवरूनच तें ओळखावें लागतें. त्याचें मुख्य वृत्त स्कंधक, म्हणजे ३२ व ३२ मात्रांचें. उलट गाथेंत ३० व २७ मात्रा असतात. ती स्वभावतःच खंज आहे. तिच्या उत्तरार्धांत तीन मात्रा घातल्या तर ती गीति होते, व मूळ वृत्ताची खूण नाहींशी होते.

म्हणून सुटें प्राकृत पद्य हातीं आल्यास संग्राहकांनीं प्रथम दोन्ही अर्धांच्या मात्रा मोजाव्या, मूळ पाठ जसाच्या तसा उतरून घ्यावा, आणि दुरुस्ती सुचवावयाची असेल तर ती समासांत नोंदावी.